घटस्फोट घ्यायचाय? ताबा, पोटगी आणि कोर्टाच्या तारखांबद्दल आधी एवढं समजून घ्या

मी वकील नाही हे पहिल्यांदाच सांगते. पण माझा स्वतःचा घटस्फोट झालाय, त्यासाठी पावणेतीन वर्षं फॅमिली कोर्टाच्या बाकड्यावर बसलेय, माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, आणि नंतर ओळखीतल्या तीन-चार जणींबरोबर आणि एका आतेभावाबरोबरही कोर्टात जाऊन आलेय. दरवेळी एकच बघितलं, माणूस इतका घाबरलेला असतो की घटस्फोट, पोराचा ताबा आणि पोटगी ह्या तिन्हीचा एकच गोळा करून बसतो. "पोटगी मागितलीस तर मुलगा विसर", "सही देते पण पोरीला भेटायचं नाही", असले सौदे घरच्या बैठकीत मामा-काकांसमोर होतात आणि पुढे दहा वर्षं त्याचा त्रास मुलाला होतो. कायद्यात हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लग्न मोडायचं का हा नवरा-बायकोचा प्रश्न. मूल कुठे राहणार आणि कोणाला कसं भेटणार हा मुलाचा प्रश्न. आणि खर्चाला पैसे कोणी किती द्यायचे हा तिसरा. एकात दुसरा घुसवायचा नाही, एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मी भीती जाते.

आधी तुम्हाला कुठला कायदा लागतो ते बघा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख असाल तर हिंदू विवाह कायदा १९५५. रजिस्टर लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली केलं असेल तर तो १९५४ चा. इथे खूप जणांचा घोळ होतो, वैदिक पद्धतीने किंवा मंगल कार्यालयात लग्न लावून नंतर नुसती नोंदणी केली असेल तर ते स्पेशल मॅरेज होत नाही, ते हिंदू विवाह कायद्यातच राहतं. ख्रिश्चन असाल तर १८६९ चा कायदा, पारशी असाल तर १९३६ चा, आणि मुस्लिम बाईला कोर्टातून सुटका हवी असेल तर १९३९ चा. तोंडी तीन तलाक सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये रद्द केला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मी पुढे जास्त करून हिंदू विवाह कायद्याचं सांगतेय, पण ताब्याची आणि पोटगीची मुख्य तत्त्वं सगळ्यांना बऱ्यापैकी सारखीच लागतात.

आता स्टॅम्प पेपरबद्दल, कारण ह्यात लोक सर्रास फसतात. नोटरीकडे जायचं, स्टॅम्प पेपरवर "आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत" असं टाइप करायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि झाला घटस्फोट असं समजून मोकळं व्हायचं. हा घटस्फोट नाही. काही समाजांत रूढीने चालत आलेली काडीमोड कायदा मानतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये तशी सोय आहे, पण ती रूढी खरंच आहे आणि जुनी आहे हे वाद झाला तर कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि ते सोपं नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असल्याच कागदावर विश्वास ठेवून दुसरं लग्न केलं, पुढे प्रॉपर्टीच्या वादात पहिल्या नवऱ्याच्या घरच्यांनी तोच कागद बाहेर काढला आणि तिचं दुसरं लग्नच बेकायदेशीर आहे असं म्हणायला लागले. पहिलं लग्न कायद्याने चालू असताना दुसरं केलं तर ते रद्दबातल ठरतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे कोर्टाचा हुकूमनामा हातात येत नाही तोपर्यंत तुमचं लग्न आहे असंच धरून चाला.

संमतीने घटस्फोट

दोघांचं एकमत होत असेल तर हाच रस्ता घ्या, मी दोन्ही रस्ते बघितलेत म्हणून सांगते. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. अटी तीन, किमान एक वर्ष वेगळं राहत असायला हवं, एकत्र राहणं जमत नाही हे दोघांनी म्हणायला हवं, आणि लग्न मोडायला दोघंही खरंच तयार हवेत. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही, एका छपराखाली असून नवरा-बायकोसारखं राहत नसाल तरी ते वेगळं राहणंच, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच हे सांगितलंय. त्याच निकालात अजून एक महत्त्वाचं आहे, शेवटच्या हुकमापर्यंत दोघांपैकी कोणीही आपली संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पहिल्या तारखेलाच सगळे पैसे देऊन टाकू नका आणि घेणाऱ्यानेही सगळं शेवटावर ठेवू नका, हप्ते पाडा, काही पहिल्या तारखेला काही शेवटच्या.

अर्ज दाखल झाला की सहा महिने थांबायचं, मग परत दोघांनी येऊन सांगायचं की आमचं ठरलंय ते ठरलंय. हे अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत व्हायला लागतं. हे सहा महिने माफ होतात का असं सगळेच विचारतात, तर हो, २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून होऊ शकतात, पण आपोआप नाही, वेगळा अर्ज द्यावा लागतो. कोर्ट बघतं की वेगळं राहून आधीच दीड वर्ष झालंय का, समेटाचे प्रयत्न खरंच संपले का, आणि पोटगी, ताबा, बाकीचे व्यवहार सगळे मिटलेत का. हे शेवटचं मिटलेलं नसेल तर माफी मागायलाच जाऊ नका, तारीख वाया जाते.

आता कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी संमतीने ठरवलेल्या अटींचा लेखी कागद. ह्या कागदावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, वकिलाने दिलेला ठरावीक नमुना डोळे झाकून सही करू नका. आमच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "वडील मुलास वेळोवेळी भेटू शकतील". मला ते छान वाटलं, मोठ्या मनाचं वाटलं. कोर्टातल्या समुपदेशक बाई वयाने बऱ्याच मोठ्या होत्या, त्यांनी लाल पेनाने "वेळोवेळी" खाली रेघ मारली आणि आम्हाला दोघांना विचारलं, वेळोवेळी म्हणजे कधी? मी म्हटलं महिन्यातून एकदा, तो त्याच क्षणी म्हणाला दर शनिवार-रविवार. दोन वर्षं भांडून झाल्यावर, संमती झाली असं समजून आलेले आम्ही, एका शब्दावर परत समोरासमोर उभे राहिलो. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या वार लिहा, वेळ लिहा, कोण आणायला जाणार लिहा. दोन तास लागले त्या कागदाला. पण त्यानंतर आजपर्यंत भेटीवरून आमचं एकदाही कोर्टात जाणं झालं नाही.

तर काय लिहायचं. पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा, असं. सोडायला कोण येणार, उशीर होणार असेल तर किती आधी कळवायचं. दिवाळीची सुट्टी आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी की वर्षाआड. वाढदिवस. मूल आजारी असेल तर ती भेट बुडाली की पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत फोन किती वाजता, व्हिडिओ कॉल कोणाच्या फोनवरून. शाळा बदलायची असेल, दुसऱ्या गावी जायचं असेल, पासपोर्ट काढायचा असेल तर दुसऱ्याला लेखी कळवायचं का संमती घ्यायची. फी कोण भरणार आणि ती वाढली तर वाढ कोणाची. मोठं आजारपण आलं, दाताला तार बसवायची वेळ आली, दहावीचा क्लास लागला तर पैसे कोण देणार. हे सगळं लिहिताना आपण किती किरकिरे आहोत असं वाटतं, पण वाटू द्या आणि लिहा, कारण चांगल्या मूडमध्ये तोंडी ठरलेलं वाईट मूडमध्ये कोणालाच आठवत नाही.

एकाला हवाय, दुसऱ्याला नको

मग कलम १३. कारण सिद्ध करावं लागतं, क्रूरता, विवाहबाह्य संबंध, सलग दोन वर्षं टाकून देणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत अर्ज घेत नाहीत, अगदी असाधारण हाल असतील तरच परवानगी मिळते. सगळ्यात जास्त दावे क्रूरतेवरचे दिसतात आणि क्रूरता म्हणजे मारहाणच असं नाही, मानसिक छळही त्यात येतो. आपल्या पुण्याचीच १९७५ ची दास्ताने विरुद्ध दास्ताने ही केस वकील अजून सांगतात, सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलंय की घटस्फोटाच्या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय आहे ते तोललं जातं. आणि "आमचं लग्न मेलेलंच आहे, सात वर्षं वेगळे आहोत" एवढ्यावर फॅमिली कोर्ट घटस्फोट देऊ शकत नाही, ते कारण कायद्यात नाहीच. तो अधिकार राज्यघटनेच्या कलम १४२ खाली फक्त सुप्रीम कोर्टाचा, मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो स्पष्ट केला.

दावा कुठे टाकायचा, तर लग्न झालं तिथे, शेवटचं एकत्र राहिलात तिथे, समोरचा राहतो तिथे, आणि बायको अर्जदार असेल तर ती आत्ता राहते तिथेसुद्धा. माहेरी परत आलेल्या बाईला सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही, हे कित्येक जणींना माहीतच नसतं.

नोटीस आली तर घ्या. "घेतलीच नाही तर केस चालणार कशी" असं सांगणारा कोणीतरी शहाणा प्रत्येक घरात असतो, त्याचं ऐकू नका. नोटीस नाकारली की ती बजावली असं धरतात, तुम्ही हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूम होतो, आणि मग तो रद्द करून घेण्यात वर्ष जातं. वकील करा, वकालतनामा द्या, मुदतीत म्हणणं दाखल करा. त्यानंतर समुपदेशन, मुद्दे काढणं, पुराव्याची प्रतिज्ञापत्रं, उलटतपासणी, युक्तिवाद. सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलंय, माझ्या बघण्यात असा एकही दावा नाही. मन आणि पैसा दोन्ही लांबच्या पल्ल्याला राखून ठेवा. आणि मध्येच दोघांना शहाणपण आलं तर चालू दावा संमतीत बदलता येतो, आमचा तसाच झाला.

पुराव्याबद्दल एवढंच की व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट डिलीट करू नका, फोन बदललात तर जुना जपून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट छापून चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं, वकिलाला आठवण करा. चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंगसुद्धा नवरा-बायकोच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. त्यामुळे रागात बोलताना आणि टाइप करताना भान ठेवा, ते सगळं एक दिवस जजसमोर वाचलं जाऊ शकतं.

मारहाण होत असेल तर मात्र घटस्फोटाची वाट बघत बसू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा आहे, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज जातो, त्यात संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे आणि मुलाचा तात्पुरता ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेला बाहेर काढता येतं असं आधी मानायचे, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बदललं, संसार जिथे झाला ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

मुलाचा ताबा

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि माझ्याकडूनही झाल्या.

दोन शब्द वेगळे धरा, पालकत्व आणि ताबा. पालक म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेणारा, ताबा म्हणजे मूल रोज कोणाकडे झोपतं, कोणाकडे जेवतं. १९५६ च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई असं लिहिलंय, पण त्यातच हेही आहे की पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं. १९९९ च्या गीता हरिहरन निकालाने "नंतर" ह्या शब्दाचा अर्थ बाप गेल्यावरच असा नाही हे सांगितलं, बाप लक्षच घालत नसेल तर आईही नैसर्गिक पालक आहे. ह्या सगळ्याच्या वर एकच गोष्ट, मुलाचं हित. आईचा हक्क, बापाचा हक्क, आजीचा जीव तुटतो, सगळं त्याच्या खाली. आईचा पगार कमी म्हणून मूल बापाला मिळत नाही, आणि मूल लहान म्हणून डोळे झाकून आईलाही मिळत नाही. आतेभावाची मुलगी त्याच्याकडेच आहे, कारण आईची नोकरी फिरतीची होती आणि मुलीला पाळणाघरातून आजीकडे यायची सवय झालेली होती, जजनी ते बघितलं.

जज नेमकं काय बघतात? मूल आत्ता कुठे आहे आणि तिथे रुळलंय का. शाळा, मित्र, डॉक्टर. घरी मुलाजवळ कोण असतं. भावंडं असतील तर शक्यतो एकत्र ठेवतात. आई-बाप एकमेकांबद्दल मुलासमोर काय बोलतात. आणि मूल समजण्याइतकं मोठं असेल तर जज त्याच्याशी चेंबरमध्ये वेगळं बोलतात, आई-बाप बाहेर. त्याला काय बोलायचं ते पढवून पाठवू नका. पढवलेलं मूल लगेच ओळखू येतं, आठ वर्षांचं मूल "बाबा माझी जबाबदारी घेत नाहीत" असं छापील वाक्य बोलत नाही, आणि मग पढवणाऱ्याचंच नुकसान होतं. मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध तयार करण्याचा प्रकार सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये गंभीरपणे घेतलाय. मूल काय म्हणतं ते कोर्ट ऐकतं, पण तेवढ्यावरच निकाल देत नाही.

दावा चालू असताना अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता ताबा आणि भेटीचा अर्ज लगेच द्या, निकालापर्यंत थांबू नका. ज्याच्याकडे मूल नाही त्याने तर पहिल्याच महिन्यात द्यावा. सहा महिने, वर्ष गेलं की मूल अंतर धरायला लागतं आणि मग समोरचा म्हणतो बघा, त्यालाच यायचं नाहीये.

आमच्या अंतरिम भेटी कोर्टाच्याच मुलांच्या खोलीत सुरू झाल्या. भिंतीवर कार्टून, एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची घसरगुंडी, चाक तुटलेल्या गाड्यांचा एक टब. पहिल्या दिवशी माझा मुलगा माझी ओढणी सोडेना, पंधरा मिनिटं माझ्या पायाला चिकटून उभा, आणि खरं सांगते, मला आतून बरं वाटलं, वाटलं की बघ, तो माझाच आहे. मग त्याच्या बाबाने काही न बोलता जमिनीवर मांडी घातली, टबातून एक गाडी काढली आणि तुटलेलं चाक बसवायला लागला. ते बसेना. मुलगा लांबून बघत होता. थोड्या वेळाने माझी ओढणी सुटली, तो गेला आणि म्हणाला असं नाही बाबा, उलटं लाव. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले, कारण मला तेव्हा समजलं की मी पंधरा मिनिटं ज्यावर खूश होते ती माझ्या पोराची भीती होती. त्यानंतर भेटीच्या आदल्या रात्री मी त्याची बॅग आनंदाने भरायला शिकले. निदान त्याला तसं दिसेल असं.

मूल उचलून नेऊ नका. शाळेतून परस्पर घेऊन जाणं, गावी नेऊन ठेवणं, फोन बंद करणं, ह्याने ताबा मिळत नाही, उलट तुमची बाजू पडते आणि समोरचा हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज टाकू शकतो. ताब्याचा अर्ज मूल एरवी जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालतो, १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात तसं आहे, रात्रीतून गाव बदललं म्हणून कोर्ट बदलत नाही. एक पालक परदेशात असेल तर जास्तच जपून, मुलांना देशाबाहेर नेण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे तिकडून आणलेलं किंवा तिकडे नेलेलं मूल परत मिळवणं फार किचकट होतं. अशा वेळी त्यातला अनुभवी वकीलच हवा. लांब राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, तो हुकमात लिहून घ्या.

आणि ताब्याचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, कोणी गाव सोडलं, तर बदलून मागता येतो, १९७३ पासून हेच तत्त्व आहे. दोघांचा मिळून ताबा, ज्याला जॉइंट कस्टडी म्हणतात, तो आपल्या कायद्यात नाव घेऊन लिहिलेला नाही, लॉ कमिशनने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात त्याची शिफारस केलीय, पण संमतीने तसं ठरवून आणलं आणि मुलाला झेपणारं असेल तर कोर्ट मान्य करतं. घरं जवळ असतील आणि शाळा एकच असेल तरच ह्याच्या नादी लागा असं माझं मत.

पोटगी

पोटगीला दारं बरीच आहेत. हिंदू विवाह कायद्यात कलम २४ ची दावा चालू असतानाची आणि कलम २५ ची कायमची, ही दोन्ही नवराही मागू शकतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात एक. आणि पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणायचो ते आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय, ते सगळ्या धर्मांना लागतं. शाहबानोची १९८५ ची केस ह्याच कलमाची होती, आणि घटस्फोटित मुस्लिम बाईही ह्याखाली मागू शकते हे जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत स्पष्ट केलं. दोन-तीन ठिकाणी अर्ज करता येतात, पण आधी कुठे मागितलंय आणि किती मिळतंय ते सांगावंच लागतं, रक्कम एकमेकांत वळती होते, दुप्पट मिळत नाही. लपवलं तर अंगाशी येतं.

किती मिळेल? ह्याचं ठरलेलं गणित नाही. पगाराच्या पंचवीस टक्के हा आकडा तुम्ही ऐकला असेल, तो २०१७ च्या एका निकालात आलाय, पण नियम नाही. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. माझा सल्ला, वकिलाच्या ऑफिसात बसून अंदाजे आकडे सांगू नका. एक वही घ्या, तीन महिने रोजचा खर्च लिहा. वर्षातून एकदा येणारा खर्च बाराने भागा, शाळेची फी वर्षाला ४८,००० असेल तर महिन्याचे ४,००० तिथे दिसले पाहिजेत, तसंच गणवेश, पुस्तकं, रिक्षावाले काका, विम्याचा हप्ता, औषधं. मुलाचा खर्च वेगळ्या पानावर आणि तुमचा वेगळ्या. पावत्या फाइलला. मी सुरुवातीला गोळाबेरीज २५,००० सांगितले होते, समोरच्या वकिलाने उलट विचारलं कशाचे आणि मला धड सांगता येईना. वही केली तेव्हा आकडा थोडा कमीच निघाला पण एकालाही हात लावता आला नाही.

तुम्ही कमावता म्हणून पोटगी मिळतच नाही असं नाही, तुमच्या पगारात तुमचं आणि मुलाचं आधीच्या राहणीमानासारखं भागतं का ते बघतात. पण नोकरी असून नाही म्हणू नका, पगार बँकेत येतो, स्टेटमेंट मागवता येतं. नवऱ्यांनाही हेच, केस लागल्यावर नोकरी सोडून "मी बेकार आहे" म्हटलं तर कोर्ट ऐकत नाही, धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना बायको-मुलांना पोसलं पाहिजे असं २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. खरंच नोकरी गेली असेल तर रक्कम कमी करून मागायचा अर्ज लगेच द्या. परस्पर पैसे थांबवू नका, थकबाकी चढत जाते.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. लागतो जास्त वेळ, पण रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज लवकर द्या. नंतर पैसे आले नाहीत तर थकबाकीचा वसुली अर्ज, आणि कलम १४४ खाली एका वर्षाच्या आतच तो करायचा असतो, ही तारीख चुकवू नका. बुडवणाऱ्याला एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आला म्हणून पैसे माफ होत नाहीत. पैसे नेहमी बँकेतून घ्या-द्या, रोख नको, दोन्ही बाजूंना पुरावा राहतो.

मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. "मला काही नको, फक्त सोड" असं म्हणून आईने स्वतःचं सोडलं तर तो तिचा निर्णय, पण मुलाचं तिला सोडता येत नाही, नंतरही मागता येतं. बाईने दुसरं लग्न केलं तर तिची पोटगी थांबू शकते, मुलाची नाही. मुलगा सज्ञान होईपर्यंत, आणि हिंदू कायद्यात लग्न न झालेली मुलगी स्वतःच्या पायावर उभी नसेल तर त्यानंतरही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे दिले नाहीत म्हणून भेट बंद करायची नाही, भेट दिली नाही म्हणून पैसे बंद करायचे नाहीत. दोन्हीसाठी कोर्टात वेगळे अर्ज आहेत, ते करा.

घराबद्दल थोडं. आपल्याकडे घटस्फोट झाला म्हणून मालमत्तेचे अर्धे-अर्धे वाटे होत नाहीत, ज्याच्या नावावर आहे आणि ज्याने पैसे भरलेत त्यावर बघतात, म्हणून कर्जाचे हप्ते तुमच्या खात्यातून जात असतील तर कागद जपा. स्त्रीधन मात्र पूर्ण बाईचं. माहेरचं, सासरचं, आहेरात आलेलं. लग्नाचे फोटो, सोनाराच्या पावत्या काढून यादी करून ठेवा.

वकील परवडत नाही म्हणून कोणी थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात सगळ्या बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००. महाराष्ट्रात बायकांना अशा दाव्यांची कोर्ट फीही माफ आहे. पैसे देऊन वकील करणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा, एकूण फी किती, दर तारखेला वेगळी का, अर्जाला वेगळी का. आणि जो वकील पहिल्या भेटीत "समोरच्याला रस्त्यावर आणतो" म्हणतो त्याच्याकडे मी तरी परत जाणार नाही, कारण समोरचा रस्त्यावर आला तर मुलाची फी कोण भरणार.

निकाल लागला की हुकूमनाम्याच्या सही-शिक्क्याच्या तीन-चार नकला एकदमच काढा, बँक, पासपोर्ट, सगळीकडे मागतात. अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करायचं नाही. बँक, विमा, पीएफचे नॉमिनी बदला, ह्याचा विसर हमखास पडतो. जॉइंट खातं बंद करा. आणि मुलाच्या शाळेत जाऊन हुकमाची एक नकल द्या, घ्यायला कोण येऊ शकतं ते लिहून द्या, आणीबाणीच्या फॉर्मवर दोघांचेही नंबर टाका. आमच्या शाळेचा तो फॉर्म दर जूनमध्ये नवीन येतो, पहिल्या रकान्यात मी माझा नंबर लिहिते आणि दुसऱ्या रकान्यात त्याचा, आणि मुलगा शेजारी बसून दोन्ही बरोबर आहेत का ते बघतो.